भोक नसलेला ट्रे

मावशी वाचली. आता हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं धरून चाला. ज्या सकाळची ही गोष्ट आहे, त्या सकाळी ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही आमच्यापेक्षा सुखात राहावं असं मला काही वाटत नाही.

तर मावशी डोंगरावर एकटी राहते. ती नोकरीतून निवृत्त झाली त्याच्या आधीच तिची फुप्फुसं निवृत्त झाली. तिच्या पलंगाशी एक यंत्र असतं, ते नळीने तिला ऑक्सिजन पुरवतं आणि विजेवर चालतं. डोंगरावरची वीज आदल्या रात्रीच्या वाऱ्यात खांबासकट आडवी झाली होती. उरला अडीअडचणीचा सिलिंडर, आणि त्याचा काटा बघून फोनवर बातम्या देणारी शेजारीण. वीज कंपनीने दुरुस्ती सोयीनुसार होईल असं कळवलं होतं. कुणाच्या सोयीनुसार, ते कळवलं नव्हतं.

भरलेला सिलिंडर खाली आमच्या अंगणात उभा होता. तो खांद्यावर घेऊन चढायचं तर अर्धा दिवस गेला असता. बाबांची जीप चढली असती, पण मागच्याच फेरीत वाटेवरच्या दगडाने तिचं इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फोडलं होतं. नवं चेंबर बाबांनी काल स्वतः बसवलं. तेही फुटलं असतं तर ऑइल सांडून इंजिन जाम, गाडी मध्येच, सिलिंडर मध्येच, आणि मावशी वर. म्हणून निघायच्या आधी इंजिनाखाली जाड पत्र्याचं चिलखत बसवायचं ठरलं. असा पत्रा वाकवणारा माणूस जवळपास एकच होता, आणि तो नेमका माझा मामा निघाला.

मामा बेकऱ्यांसाठी ट्रे बनवतो. दुसरं काही बनवायला घेतलं तरी ट्रेच होतो. माझा पाळणा त्याने बनवला होता. मी कोपऱ्या-कोपऱ्याने वाढले.

त्याने एका मोडक्या भट्टीचं लोखंडी दार काढलं, जीपखाली सरपटत जाऊन मापं घेतली, दार कापलं, बोल्टांसाठी टोकांना छिद्रं पाडली. सगळं इतकं झटपट की बाबा त्याला चहा विचारणार होते. तेवढ्यात मामाने गॅसचा टॉर्च पेटवला आणि पत्र्याच्या कडा लाल करायला घेतल्या.

"मेव्हणे, कडा कशाला? बिस्किटं भाजायचीत का?"

"उघड्या कडेचा माल माझ्या हातून बाहेर जात नाही, दाजी."

"वर तुमची सख्खी बहीण आहे."

"म्हणून तर नीट करतोय."

आणि तो घणाने कडा वर वळवत राहिला. चारही बाजूंनी, तीन-तीन बोटं. शेजारणीचा फोन आला: काटा लाल पट्ट्याला टेकला होता. बाबांनी जीपभोवती फेऱ्या सुरू केल्या. एका फेरीत त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि थांबले. चारी बाजू बंद, म्हणजे यात पाणी साचणार, चिखल साचणार. मधोमध भोक हवं, असं म्हणून त्यांनी ड्रिल उचललं.

मामा पत्र्यावर बसला. पत्रा अजून गरम होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तो उठला नाही. खालून भोक असलेला ट्रे ही काय चीज असते हे तुम्हाला कळायचं नाही दाजी, अशी सुरुवात करून त्याने सांगितलं की एका बेकरीवाल्याने एकदा सुईएवढ्या भोकासाठी ट्रे परत पाठवला, त्यानंतर मामाने त्या गल्लीतून जाणं सोडलं. बाबा ड्रिल घेऊन उभे, मामा बसलेला, आणि वर काटा लाल पट्ट्यात. भोक पाडायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ भोक न पाडण्यात गेला. शेवटी मी ड्रिलची पिन भिंतीतून उपटली आणि दोघांना जीपखाली ढकललं. ट्रे बसला.

गाडी मी चालवत होते, कारण बाबांच्या कानाला शेजारणीचा फोन होता आणि मामाला बसता येत नव्हतं. तो मागे सिलिंडरला मिठी मारून गुडघ्यांवर होता. पहिला दगड लागला तेव्हा खालून ठण्ण असा आवाज झाला आणि मामा म्हणाला, "पत्रा बोलतोय." दुसरा लागला, तिसरा लागला. पत्रा बराच बोलका होता. शेजारीण आता फोनवर काटा सांगत नव्हती, फक्त "या" म्हणत होती.

शेवटच्या चढाला ऑइलचा लाल दिवा लागला.

मी लगेच इंजिन बंद केलं. बाबा उतरून खाली वाकले. चेंबर फुटलेलं नव्हतं, मागे वाटेवर ऑइलचा थेंब नव्हता. त्यांनी ट्रे आणि चेंबर यांच्या फटीतून हात घातला आणि तो कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला. चेंबरच्या तळाचा बोल्ट हादऱ्यांनी गळून पडला होता. तो काल बाबांनी हाताने फिरवून ठेवला होता, पान्याने नंतर आवळू म्हणून. सगळं ऑइल ट्रेत होतं. बोल्टही ट्रेतच होता, बिस्किटासारखा तळाशी.

बाबा मामाकडे बघेनात. मामाही काही बोलला नाही, आणि हे त्याला किती जड गेलं असेल ते मी सांगू शकत नाही. तो खाली सरपटला, गरम ऑइलमधून बोल्ट चाचपून काढला, लावला, आणि या वेळी पान्याने आवळला. मग थर्मासच्या झाकणाने तो ऑइल काढून देऊ लागला, मी त्याच्या बनियनमधून गाळू लागले आणि बाबा इंजिनात ओतू लागले. एक-एक झाकण. गाळात गवत आलं, खडे आले, एक भुंगा आला. फोनवर शेजारीण आता काहीच म्हणत नव्हती.

"पुरे," मी म्हणाले.

"अजून आहे," मामा खालून म्हणाला.

"मामा, पुरे."

चावी फिरवली. दिवा थोडा वेळ विचार करत राहिला आणि विझला.

घरात पोचलो तेव्हा मावशीचे ओठ जांभळे होते आणि शेजारणीने फोन खाली ठेवून तिचा हात धरला होता. बाबांच्या तेलकट हातांतून सिलिंडरची चावी दोनदा निसटली. मामाने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, दोघांनी मिळून ती फिरवली. फुस्स झालं. आम्ही सगळे मावशीची छाती बघत उभे राहिलो, आपापला श्वास घ्यायचा विसरून.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. "लहान्या, बनियन कुठंय तुझं?"

मामा भिंतीकडे तोंड करून रडू लागला. मावशीने त्याला रडू दिलं. जन्मभर सरकारी कचेरीत हेडक्लार्क होती ती. रंग परत येताच तिने मला कागद घ्यायला लावला आणि थांबत थांबत मजकूर सांगितला:

"प्रति, दुरुस्ती विभाग, वीज कंपनी. विनंती करण्यात येते की, खांब आपल्या सोयीनुसार उभा होईपर्यंत अर्जदार महिलेस श्वास घेण्यापासून सूट देण्यात यावी. तसेच सदर कालावधीत न घेतलेले सर्व श्वास शिल्लक रजेप्रमाणे तिच्या खाती जमा करून, आयुष्याच्या अखेरीस एकरकमी मंजूर करावेत, ही विनंती."