घड्याळजींच्या होडीतलं इंजिन

मित्रांनो, होडीतून फिरायला निघालेली माणसं पाणी बघतात, आकाश बघतात. त्यांच्या पायाखालच्या फळीखाली मी धडधडत असतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. हल्ली धडधडत नाही, पण धडधडायची हौस काही फिटलेली नाही.

कारखान्यात पहिल्यांदा चालू झालो, तेव्हा तपासनिसाने माझी पाठ थोपटली होती. मग बरीच वर्षं या छोट्या होडीत मालक बदलत काढली. शेवटी एका घड्याळजींनी ती घेतली. त्यांनी दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलं होतं आणि बायकोला शब्द दिला होता, की आता दोघांनी मिळून पाण्यावर हिंडायचं. बायकोला सगळे काकू म्हणत. मीही म्हणू लागलो.

घड्याळजी मला तळहातावरच्या फोडासारखं जपत. काकू मात्र माझा आवाज ऐकत. फळीवर तळवा टेकून म्हणत, "अहो, आज याचा घसा बसलाय." घड्याळजी हसायचे, पण तेल तपासायचे, आणि बहुतेक वेळा ते कमीच निघायचं.

एकदा आम्ही मुलीकडे निघालो होतो. ती खाडीपलीकडच्या बेटावर राहायची आणि तिला नुकतंच बाळ झालं होतं. आदल्या दिवशी घड्याळजींनी माझा डिझेलचा फिल्टर बदलला होता. भर खाडीत, नेमकं खडकांजवळून जाताना मला धाप लागली. दोनदा खोकलो आणि गप्प झालो. पाण्याची ओढ आम्हाला खडकांकडे नेऊ लागली. काकूंनी नांगर टाकला. तो घसरत घसरत कसाबसा रुतला.

घड्याळजींनी फळी उचलली. "काल तर सगळं नीट बसवलं होतं!"

काकूंनी नळीच्या नटाला बोट लावलं. बोट डिझेलने ओलं झालं. "हा तर हातानेच फिरतोय. तुम्ही आवळला की कुरवाळला?"

"जोर लावला तर आटे जातात गं."

"अहो, हे मनगटी घड्याळ नाही! द्या तो पाना इकडे."

खरंच मित्रांनो, सगळा जन्म इवलेसे स्क्रू फिरवलेल्या त्या हातांना आवळणं ठाऊकच नव्हतं. त्या सैल नटातून हवा आत शिरली होती, आणि हवा पिऊन कुठलं इंजिन चालणार? काकूंनी नट आवळला. घड्याळजी हातपंप मारून माझ्या पोटातली हवा काढू लागले. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत मारत राहिले. तेवढ्यात नांगर पुन्हा घसरला. त्यांनी घाईने किल्ली फिरवली आणि मी असा काही गरजलो, की काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवशी बाळ पहिल्यांदा आजीच्या मांडीवर निजलं. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

पुढे काकूंचे गुडघे गेले. धक्क्यावरून होडीत उतरणं जमेना. आता घड्याळजी एकटेच येतात, मला पुसतात, तेल बदलतात आणि घरी फोन लावतात.

"चालू केलंत का?" काकू विचारतात.

"हो, झकास चालतंय," ते खुशाल थाप मारतात.

परवा काकू म्हणाल्या, "मग मला जरा ऐकवा ना."

घड्याळजींनी किल्लीला हात लावला आणि काढून घेतला. मग म्हणाले, "चालू करतच नाही गं मी. तुझ्याशिवाय चालू करून जायचं कुठे?"

फोन ठेवून त्यांनी फळी हळूच लावली.

मित्रांनो, पुसलेल्या इंजिनालाही गंज चढतो. तो आतून चढतो, म्हणून दिसत नाही. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, जुनं माणूस असेल, तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. त्याला काम द्या, बाहेर न्या. आणि धक्क्यावर घड्याळजी भेटले, तर माझा एवढा निरोप सांगा: दोघाचौघांनी धरून काकूंना होडीत उतरवा आणि मला चालू करा. जायचं कुठे, ते आम्ही तिघं मिळून ठरवू.