खडखडणारा कीबोर्ड

त्याने कीबोर्डला कान लावला आणि एकच बटण पाच-सहा वेळा दाबलं. सलूनसाठी नवी कात्री घेताना तो ती अशीच हवेत चालवून ऐकायचा. आवाज मनाला पटला तरच पैसे काढायचा. काउंटरवरची मुलगी गालातल्या गालात हसली. शेजारी उभ्या बायकोला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी तिच्या टीमची फायनल होती. दिवसभर दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळात टीममधल्या चार पोरांना शत्रूच्या तावडीतून सोडवायचं, असा तिचा दुहेरी संसार होता. जुन्या कीबोर्डचं बटण ऐन लढाईत अडकायचं, तेव्हा नवा हवाच होता. पण तिच्या खेळाबद्दल नवऱ्याने आजवर चकार शब्द काढला नव्हता. त्याला हे आवडत नाही, असंच ती धरून चालली होती आणि ते तिला आतून खात होतं.

म्हणून तिने बिनआवाजाचा कीबोर्ड निवडला होता. नवऱ्याच्या हातातल्या खडखडणाऱ्यापेक्षा दीडपट महाग, पण घरात त्रास नाही.

“दोन्हीत प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग आहे,” मुलगी म्हणाली. “टिकायलाही सारखेच. या बिनआवाजाच्यात फक्त आवाज दाबलाय.”

“म्हणजे जास्त पैसे मोजून कमी माल,” तो म्हणाला. “हा खडखडणाराच द्या.”

तिचा पारा चढला.

“अहो, चिकटपणाला काही हद्द? तुमच्याच कानांना आराम म्हणून घेतेय ना मी तो?”

तो गडबडला. उगाचच शर्टावरचे केस झटकत राहिला.

“मला कुठे हवाय आराम? स्वयंपाकघरात उभं राहून मला आवाजावरून कळतं, तू जिंकतेयस की मार खातेयस. हात भरभर चालला की मी चहा टाकतो. अडखळला की तिकडे फिरकतच नाही.”

ती बघतच राहिली. चहाची वेळ याला नेमकी कशी साधते, याचं तिला नेहमी नवल वाटायचं. दुकानात उभ्या उभ्या तिला फार आनंद झाला.

“रविवारी स्वयंपाकघरात थांबू नका,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी खुर्ची टाका.”

“मग बिनआवाजाचाही चालेल की,” तो म्हणाला आणि लगेच स्वतःच सावरला. “नाही, पण सोमवारपासून मी परत स्वयंपाकघरातच.”

तिने खडखडणारा कधीच मुलीपुढे सरकवला होता.