मंगळवारावर गेलेला कॉम्प्युटर

सोमा गुरुजी जन्मात इंग्रजी बोलले नव्हते. मेल्यावर तिसऱ्या दिवशी बोलायला लागले, आणि तेही वहिनीच्या पडवीत, तिच्या सुनेच्या कॉम्प्युटरवर.

"हे काय गो उज्वला?" कमळाबाईने पडद्याला नाक लावलं. शिक्षण दुसरीपर्यंतचं, पण मराठी अक्षर तिच्या ओळखीचं होतं. इथं ओळखीचं एकही नव्हतं. उलटेसुलटे कंस, टिंबं, मधेच मोठी एबीसीडी. "माझ्या दिराचं बोलनं कुठं गेलं?"

"आई, मजकूर हाय. पन वाचता येत नाय."

"वाचता येत नाय तर तो हाय कसा?"

उज्वला डोळे पुसत बसली.

पोलादपूरच्या अलीकडे, सावित्री नदीच्या अंगाला ही पंचवीस घरांची वस्ती. उज्वला पडवीत बसून वस्तीचे फॉर्म भरायची, मराठी टायपिंग करून द्यायची. सोमा गुरुजी म्हणजे कमळाबाईचे धाकटे दीर, प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर. वस्तीत कुणी गेलं की पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी बुद्धविहारात त्याचा जीवनपट वाचायची पद्धत, आणि गेली तीस-पस्तीस वर्षं तो जीवनपट लिहायचे गुरुजी. स्वतःचा मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा त्यांना धीर झाला नाही. हात थरथरायला लागल्यापासून लेखणी धरता येत नव्हती, म्हणून बुधवारी काठी टेकत आले आणि उज्वलाला सांगून लिहून घेतलं. अकरा वर्षांनी या घराची पायरी चढले होते. वहिनी आणि दीर अकरा वर्षं बोलत नव्हते.

त्या दिवशी कमळाबाई स्वयंपाकघरात पाठ करून बसली होती, कान मात्र पडवीत ठेवून. गुरुजी म्हणाले, "आता शेवटी माझ्या वयनीविषयी," आणि हिने मिक्सर लावला. आपण ऐकत नाही हे दिसायला हवं ना! वाटणाचं पाणी होईपर्यंत मिक्सर फिरत राहिला. शुक्रवारी पहाटे गुरुजी गेले. उज्वलाला माहीत होतं ते काय बोलले, पण त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, विहारात वाचेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आणि सुनेला विचारायला लागावं, इतकी कमळाबाई अजून खाली आलेली नव्हती.

पुण्यानुमोदन मंगळवारी होतं. सोमवारी महाडला छापायला द्यायचं. आज रविवार.

घोळ झाला तो असा. गुरुवारी एका पोराचा फोटो फॉर्मात बसेना, म्हणून उज्वलाने नेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन घुसली. 'तुमच्या कॉम्प्युटरात बेचाळीस व्हायरस' म्हणून दर मिनिटाला लाल पाटी उघडायची. आज सकाळी कमळाबाई शेजारी खुर्ची घेऊन बसली. "काढ ती. तण बेणताना कसं, मुळासकट काढायचं." उज्वला यादीतून एकेक काढत गेली आणि कमळाबाई बोट दाखवत गेली. "हीपन काढ. ही बघ, हिचं चित्र कसं चोरासारखं हाय." चाळीस पावसाळे भात बेणलेली बाई, भाताच्या वेशातलं गवत लांबून ओळखणारी. त्या चोरासारख्या चित्राखालीच मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं. ते गेलं आणि त्याच्याबरोबर मराठी अक्षरंही गेली. ते घालून देणारा महाडचा माणूस आता दुबईत, त्याचा फोन लागेना.

शेवटी उज्वलाने गुरुजींच्या मुलाला बोलावलं. अश्वजित पनवेलला ऑफिसात नोकरीला होता, बापाच्या मयतीला आलेला. तो उंबऱ्याशी थबकला.

"ये की रे. भूत नाय मी," कमळाबाई म्हणाली. "भूत तुझ्या बापाचं झालंय. बघ, इंग्रजी बोलतोय."

अश्वजितला हसू आलं, तीन दिवसांतलं पहिलंच. नेटवर शोधून त्याने एक-दोन मराठी फॉन्ट उतरवून बघितले. एबीसीडी गेली, पण जे आलं ते मराठीही नव्हतं. मग त्याने मजकुराची नक्कल पेनड्राइव्हवर काढली.

"वाचताच येत नाय त्याची नक्कल काढून काय करतोस? इंग्रजी वाढवतोयस नुसती."

"मोठी आई, जपून असावं." तो कुठेतरी आत शिरला, खिडकीमागे खिडकी उघडत. एका ठिकाणी थांबला. "हे बघा. गेल्या मंगळवारी याने आपण होऊन एक खूण करून ठेवलीय. त्या दिवशी कॉम्प्युटर कसा होता, काय काय बसवलेलं होतं, सगळं. आपण त्याला तिथं परत नेऊ शकतो. मंगळवारी मराठी होतं आणि ही घाण आलेली नव्हती."

कमळाबाई खुर्चीत सरळ झाली. "मंगळवारी?"

"हो."

"म्हंजे... मागच्या? ह्याच आठवड्यातल्या?"

"हो, मोठी आई."

मंगळवारी सोमा विहिरीकडे चालला होता. तिने पाहिलं होतं. टॉवेल डोक्याला, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि हिने तोंड फिरवलं होतं. तिने अश्वजितकडे पाहिलं. त्यालाही तोच मंगळवार आठवत असावा, कारण त्याचा हात माउसवरून उचलला गेला.

मग तिच्या डोक्यात वेगळीच वीज चमकली. "थांब! सोमाने सांगितलं बुधवारी. हा मंगळवारावर गेला, तर बुधवार पुसला जाईल!"

"नाय पुसणार. फक्त कॉम्प्युटरची स्वतःची मांडणी मागं जाते. आपण लिहिलेलं, फोटो, पत्रं, त्याला तो हात लावत नाय."

कमळाबाईने ते आपल्या परीने लावून बघितलं. "म्हंजे चूल उचलून जुन्या जागी मांडायची, पन मडक्यातला भात आजचाच."

अश्वजित तिच्याकडे बघत राहिला. "ऑफिसात मला हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं."

"तुमच्या हापिसात चूल नसंल. कर सुरू."

"एकदा सुरू केलं की मधे बंद करता येत नाय. लाइट जायला नको."

कमळाबाईने उठून पडवीतला पंखा बंद केला. मग स्वयंपाकघरातला फ्रीज. लाइटवर भार नको. शेजारच्या दत्तारामला ओरडून सांगितलं, "पंप बंद ठेव रे घटकाभर! हितं कॉम्प्युटर मंगळवारावर चाललाय!" दत्तारामने काय समजायचं ते समजून पंप बंद केला.

पडदा काळा झाला. पांढरे ठिपके गोल फिरू लागले. तिघंही घामाघूम होऊन बसली. कमळाबाईने आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं. सव गावच्या कुंडात थंडीतही उकळतं पाणी, पुरात पुलाच्या कठड्यावरून गेलेली सावित्री. पण गेलेला दिवस उलटा चालत येतो आणि पुढच्या दिवसाला धक्का लावत नाही, हे तिने कधी ऐकलंही नव्हतं. ती पदर तोंडाला लावून त्या ठिपक्यांकडे बघत होती. विहारात मेणबत्ती लावून झाल्यावर मूर्तीकडे बघायची तशी.

वीस मिनिटांनी पडदा उजळला. लाल पाटी नव्हती. उज्वलाने फाइल उघडली.

'मी, सोमा...' पहिल्याच ओळीत मराठी. आणि वर तारीख बुधवारची.

"आलं गो," कमळाबाई म्हणाली. "मंगळवारच्या घरात बुधवारचं बोलनं."

अश्वजित वाचू लागला. शाळा, धम्मदीक्षेची आठवण, बदल्या, नाते गावच्या शाळेतली पोरं. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा त्याने कमळाबाईकडे पाहिलं.

"वाच."

"'शेवटी माझ्या वयनीविषयी. आमच्या दोन शेतांमधला बांध हातभर सरकला, त्यावरून आम्ही अकरा वर्षं बोललो नाही. सर्वांसमोर सांगतो, बांध मी सरकवला होता. वयनी खरी होती. मला शब्द सापडले नाहीत, म्हणून मी गप्प राहिलो.'"

उज्वलाचे डोळे भरून आले. कमळाबाईचे नाही. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"खोटारडा," ती म्हणाली.

"मोठी आई!"

"खोटारडा मेला! चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलंन, आन् जाताना माझ्यापायी खोटं बोलून गेला." तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "बांध मी सरकवला. सांज व्हायच्या वक्ताला, एकटीनं, ढेकळं उचलून. त्याला ठावं होतं. त्यानं बघितलं होतं. तरी अकरा वर्षं मी नाय म्हनत राहिले."

अश्वजितच्या हातात माउस तसाच होता. मग तो हळूच म्हणाला, "मग हा परिच्छेद काढू?"

"त्याचं एक अक्षर हलवशील तर बघ. ज्यानं त्यानं आपलं बोलावं." ती सुनेकडे वळली. "उज्वला, बस. त्याच्याखाली एक ओळ सोड आन् लिही. कमळाबाई, गुरुजींची वहिनी, विहारात उभं राहून सांगते..."

उज्वलाने बोटं ठेवली. पडद्यावर पहिला 'क' उमटला, आणि कमळाबाई पुढचं वाक्य जुळवत थांबली.