धनंजयच्या जीपचे दिवे

गुरुवारी दिवेलागणीला देवकाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध जीप, तिला झेंडूचा हार, आणि समोर हात जोडून निम्मं गाव. गाडीची किल्ली देवकाबाईंच्या पदराला बांधलेली. आश्रमाच्या महाराजांनी डावा हात बॉनेटच्या कोपऱ्यावर ठेवला, डोळे मिटले आणि हाक मारली, "धनंजय बेटा, माँ बुला रही है. आँख खोल."

बंपरवरचे दोन्ही जादा दिवे भक्कन लागले.

आम्ही भजनी मंडळवाले टाळ घेऊन पुढेच बसलो होतो. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

धनंजय हा देवकाबाईंचा थोरला. श्रावणात डेंग्यूनं गेला, चौतीस वर्षांचा. कीर्तनात मृदंगावर त्याचा हात पडला की म्हातारेसुद्धा सरसावून बसायचे. ते दिवे त्यानंच मागच्या हिवाळ्यात बसवून घेतले होते. हरभऱ्यात रानडुकरं शिरत होती आणि शेतापर्यंतची पांदण अंधारी, खड्ड्यांची. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या भावानं, मुकेशनं, जीपचं बॉनेट आपटून लावलं आणि बटन न दाबता दिवे पेटले. देवकाबाई होत्या तिथेच खाली बसल्या. "आला माहा पोरगा," एवढंच म्हणाल्या.

ही गोष्ट फिरत फिरत महाराजांच्या कानी गेली. ते आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट इथे-तिथे चाचपलं आणि आत्मा बॅटरीत उतरल्याचं जाहीर केलं. तेजतत्त्व आधी विजेत उतरतं, असा त्यांचा अभ्यास. बारा व्होल्टात आत्मा मावतो कसा, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. अशी गाडी संसारी घरात ठेवू नये, पौर्णिमेला आश्रमाला अर्पण करावी, असंही त्यांच्या अभ्यासात निघालं.

देवकाबाई मात्र रोज ताट वाढून गाडीपुढे ठेवायच्या. गुरुवारी धनंजयच्या सहा वर्षांच्या अंकिताला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायच्या. दिवे लागले की पोर "बाबा आले" म्हणून टाळ्या वाजवायची, आणि दोन महिने हरवलेलं हसू म्हातारीच्या तोंडावर दिसायचं.

त्या गुरुवारी सेलूहून हरिदास आला. गाड्यांची वायरिंग करतो. धनंजयचे दिवे त्यानंच बसवलेले. गर्दीतून तो पुढे सरकला, नाक वर करून जळका वास हुंगला आणि थेट जीपचं दार उघडलं.

"काकू, आधी पोरीले घेऊन खाली उतरा."

लोक खवळले. महाराज म्हणाले, आत्म्याच्या भेटीत विघ्न आणणाऱ्याचं वाटोळं होतं.

"होऊ द्या, महाराज. फक्त हात उचला बॉनेटवरून, अन् मंग बोलवा त्याले."

महाराजांनी हात उचलला. हाक मारली. मोठ्यानं मारली. तीनदा मारली. दिवे काही लागेनात. आज आत्मा दूर गेला आहे, असं महाराज सांगत असतानाच हरिदासनं एक बोट बॉनेटच्या त्या कोपऱ्यावर टेकवून दाबलं. दिवे पेटले. बोट उचललं, विझले.

हरिदासनं बॉनेट उघडलं आणि सगळ्यांत आधी बॅटरीची तार सोडली. मग मोबाईलच्या उजेडात दोन वायरी दाखवल्या. दिव्यांना प्लस थेट बॅटरीतून गेलेला, आणि बटन मायनसच्या वायरवर. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे मायनसच. बॉनेटच्या कडेखाली घासून त्या मायनसच्या वायरीचं कातडं गेलं होतं. बॉनेट दाबलं की उघडं तांबं पत्र्याला टेकायचं, बटन दाबल्यासारखंच. बाजूच्या प्लसच्या वायरीचं कातडंही घासत घासत कागदाएवढं उरलं होतं, जागोजागी पोळलेलं.

"हे टेकली असती तर दिवे नसते लागले, गाडी पेटली असती," हरिदास खाली बघत म्हणाला. "मधात फ्यूज नाई, रिले नाई. धनंजयले त्याच दिवशी पांदणीनं जाचं होतं. मले म्हणे, घाईनं जोडून दे. मी जोडून देलं. चूक माही हाय, काकू."

मागून कोणीतरी महाराजांना विचारलं की आत्म्याला पण फ्यूज लागतो का. कोणी हसलं नाही. महाराज कधी निघून गेले, तेही कोणाला कळलं नाही.

देवकाबाई ताट उचलायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या.

"मंग तो एकडाव बी आला नव्हता?"

हरिदासचे डोळे भरले. "नाई, काकू."

त्यांनी अंकिताला पोटाशी धरलं आणि आत गेल्या.

रविवारी हरिदासनं सगळं नव्यानं केलं. बॅटरीशेजारी फ्यूज, मग दिव्यांचा भार बटनाऐवजी स्वतः पेलणारा रिले, वायरींवर नळी, पत्र्याच्या भोकाला रबर. हात लावण्याआधी त्यानं बॅटरी सोडली आणि 'आधी बॅटरी सोडायची' हे मुकेशकडून तीनदा वदवून घेतलं.

मी कीर्तनात वाढलो, आणि मरेन तोवर टाळ सोडणार नाही. म्हणूनच सांगतो, ज्या देवाला उघड्या तारेचा आधार लागतो तो देव नव्हे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी बॉनेट उघडा. आम्ही अंगणभर माणसं होतो. बॉनेट कोणी उघडलं नाही, आणि एक पोर त्या गाडीत बसत होतं.

त्या रविवारी संध्याकाळी मुकेशनं आईला जीपमध्ये बसवून पांदणीच्या तोंडाशी नेलं. देवकाबाईंनी स्वतःच्या बोटानं बटन दाबलं. पांदण शेवटच्या बाभळीपर्यंत उजळली. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. वाटेवर कोणी नव्हतं.

मग त्यांनी बटन बंद केलं.