बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे

मेमरी कार्डावरच्या व्हिडिओ फाईलमध्ये फ्रेम्स होत्या दोन हजार सातशे. फाईल एरवी कशातच उघडेना, म्हणून धाकट्या लेकीने स्वतः प्रोग्रॅम लिहिला; त्याने पडद्यावर आणल्या एक हजार सहाशे बारा. उरलेल्या एक हजार अठ्ठ्याऐंशी त्याने खराब ठरवून टाकून दिल्या होत्या.

व्हिडिओ मामाचा. मामा शिंपी, जन्मापासून बहिरा, हातांनी बोलणारा. दोन वर्षांपूर्वी आईशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हापासून अबोला. परवा पक्षाघाताने त्याचा उजवा हात गेला आणि शिलाई मशीनच्या खणात हे कार्ड सापडलं. पाकिटावर खडूने लिहिलेलं: ताईसाठी. पाच वाजता दवाखान्यात भेटायची वेळ होती. आता साडेतीन वाजले होते.

आई चपला घालूनच येरझारा घालत होती.

"झालं का गं?"

"आई, दर दोन मिनिटांनी विचारू नकोस."

"बरं, तीन मिनिटांनी विचारते."

पडद्यावर मामा मांडीवर हात ठेवून बसला होता. हात उचलला की चित्र थिजायचं; पुन्हा चालू व्हायचं तेव्हा हात परत मांडीवर.

आई वाकून बघायला लागली. "हा माझा भाऊ नव्हेच. त्याचे हात एवढा वेळ गप्प? अगं, तो झोपेतसुद्धा बडबडायचा!"

धाकटी चमकली. जेवढी हालचाल जास्त, तेवढी फ्रेम मोठी. टाकलेल्या फ्रेम्स खराब नव्हत्याच, मोठ्या होत्या!

तिने आकारांची यादी काढली. टाकलेला प्रत्येक आकार उणे होता. कॅमेरा आकार दोन बाइटांत लिहायचा, पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंत. तिने तो चिन्हासकट, म्हणजे अधिक-उणे धरून, वाचला होता. मग बत्तीस हजार सातशे सदुसष्ट ओलांडले की आकडा उणे. उणे आकाराची फ्रेम टाकून द्यायची, ही हुशारीही तिचीच.

घाईघाईत तिने वाचलेला आकडा चार बाइटांच्या प्रकारात ठेवला. तो उणेच राहिला, फक्त ऐसपैस जागेत. तिने कपाळावर हात मारला, मागे गेली आणि वाचतानाच चिन्हाविना प्रकार लावला.

मामाचे हात सुटले.

आई उभ्याउभ्याच बघत राहिली. "चूक तुझीच होती, म्हणतोय," ती फणकारली. मग खुर्चीची पाठ धरली. "आणि ये, म्हणतोय."

पडद्याच्या खालच्या ओळीत आकडे आले. वाचलेल्या फ्रेम्स: २७००. टाकलेल्या: ०. कालावधी: ९० सेकंद.