नारळ फोडण्याआधी

नारळाची शेंडी तेवढी राखून लालासाहेब बाकीचा काथ्या ओढून काढत होते. प्रत्येक ओढीला जुनं फडकं फाटल्यासारखा आवाज होई, मग ते नारळ कानाशी नेऊन हलवत. आत पाणी आहे हे पहिल्या वेळीच कळलं होतं, तरी दर ओढीनंतर पुन्हा. नूरीन बघत राहिली. या खोलीत एकदा तपासलेलं पुन्हा तपासणारं कुणीतरी आहे, एवढं तरी बरं.

तिच्या स्क्रीनवर बिल्डच्या, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होण्याच्या, ओळी वर सरकत होत्या. पाणीपुरवठ्याच्या टाक्यांवर बसणारं एक छोटं नियंत्रक यंत्र ही कंपनी बनवत असे, आणि त्यातल्या सगळ्या कामांना शिस्तीनं चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कर्नल, आज नव्यानं तयार होत होता. गाडी दारात उभी होती. दुपारी ती दहिवडीकडे निघायची, आणि उद्या दुष्काळी माण तालुक्यातल्या गावांच्या टाक्यांवर हा कर्नल चढायचा.

ओळी संपल्या. सगळ्यात खाली एक पिवळी ओळ उमटली. नवा इशारा.

“काय म्हणतायत सासूबाई?” पलीकडच्या टेबलावरून साईराजनं मान न वळवता विचारलं.

“तुझंच नाव घेतायत.”

“लाडका जावई आहे मी.”

सासूबाई हे नाव त्यानंच ठेवलं होतं. कोड न चालवता नुसता वाचणारा तो प्रोग्रॅम. कोडमध्ये जिथे जिथे वाट फुटते तिथे तो शेवटपर्यंत जाऊन येई आणि कुठे पाय घसरेल ते सांगे. तो नूरीननं बिल्डला जोडला, तेव्हा पहिल्या दिवशी इशाऱ्यांचा इतका ढीग पडला की सगळे हसत सुटले. तिनं रात्री जागून त्यातले जुने इशारे बाजूला केले. जुन्याला माफी, नव्याला नाही, असं ठरलं. नवा इशारा आला की बिल्ड थांबेल. कंपनीचे मालक जयराज सर यांनी मान डोलावली होती. “एकदम बरोबर. फक्त पुढच्या रिलीजपासून करू.”

त्यानंतर किती रिलीज झाले, आणि प्रत्येक वेळी पुढचा रिलीज पुढेच राहिला. सेटिंगमध्ये एक शब्द बदलायचा होता. ‘सांग’च्या जागी ‘थांबव’. तो बदलायचा अधिकार तिच्याकडे होता. तिनं बदलला नव्हता, कारण सर हो म्हणतील याची ती वाट बघत होती.

ती उठून साईराजच्या खुर्चीमागे उभी राहिली.

“व्हॉल्व्हचा तुकडा उघड. काम सुरू करताना तू कुलूप लावतोस, म्हणजे मधे दुसरं कुणी हात घालू नये. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि सेन्सरनं उत्तर दिलं नाही तर?”

“तर परत फिरतो.”

“कुलूप न काढता.”

साईराजनं स्क्रीनकडे पाहिलं. डोकं खाजवलं. “अगं, पण सेन्सर उत्तर देत नाही असं होतंय कुठं? इथं टेबलावर एकदा तरी झालंय का?”

“इथं टेबलावर वारा नाही. मागच्या उन्हाळ्यात मी माणमध्ये बसवायला गेले होते, टाकीवरच्या वायरी कशा हलतात ते बघितलंय. सेन्सर गप्प झाला की हे कुलूप कायमचं. व्हॉल्व्ह उघडा असेल तर उघडाच राहणार. रात्रीत टाकी रिकामी. तिथं रिकामी टाकी म्हणजे काय, तुला माहितीये?”

“बरं बाई, बघतो.”

ती जागेवर येऊन बसली. पाणी प्यायली. त्यानं बदल पाठवला, बिल्ड पुन्हा सुरू झाला, आणि थोड्या वेळानं शेवटची ओळ हिरवी आली. तिला हायसं वाटलं. सवयीनं तिनं बदल उघडून पाहिला.

कुलूप होतं तिथंच होतं. परत फिरण्याच्या ओळीवर साईराजनं फक्त एक टीप लिहिली होती, प्रोग्रॅमला ही जागा वाचू नको असं सांगणारी. टीपेपुढे शेपूट होतं: नंतर बघू.

तिनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“साईराज, हे काय आहे?”

“गप्प केल्या ना सासूबाई.” मग तिचा चेहरा बघून त्यानं आवाज खाली आणला. “हे बघ, एका ओळीचा बदल आहे, मला कळतंय. पण कर्नलमध्ये एक ओळ बदलली की रात्रभर टेस्ट लावायची, हा नियम कुणाचा? सरांचाच. गाडी आत्ता निघतीये. मी काय करू?”

ते खरंच होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. चुकीचं कुणी काही बोलतच नव्हतं.

जयराज सर आले ते पेढ्यांचा पुडा हातात घेऊनच. चाळिशी ओलांडलेला उंच माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पहिलं यंत्र त्यांनी घराच्या गच्चीवर स्वतः जोडलं होतं आणि त्याच दिवशी नारळ फोडला होता. तेव्हापासून इथं रिलीज झाला की नाही हे कुणी स्क्रीनवर बघत नसे. नारळ फुटला की रिलीज झाला. एकदा तर बिल्ड अर्धा असतानाच फुटला होता, आणि मग तो अर्धा बिल्ड कसाबसा गोळा करून पाठवला होता, कारण प्रसाद वाटून झाला होता.

“सर, दोन मिनिटं.”

“बोल ना.”

तिनं सांगितलं. कुलूप, सेन्सर, साईराजची टीप, सगळं. ते ऐकत होते. मधेच त्यांनी दारातल्या गाडीकडे पाहिलं.

“तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, नूरीन. पुढच्या रिलीजला हे पहिलं काम. उद्या तिकडं मांडव घातलाय, चार गावचे सरपंच येणार आहेत. त्यांना काय सांगू, आमच्या प्रोग्रॅमला शंका आलीये?”

“हो.”

ते हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“लालासाहेब, नारळ इकडं आणा. या वेळी नारळ नूरीन फोडणार. एवढे महिने कोडची राखण तिनं केलीये.”

साईराजनं टाळ्या वाजवल्या. लालासाहेबांनी नारळ तिच्या हातात दिला. फौजेतून निवृत्त होऊन इथं शिपाई झालेला माणूस, साधं पार्सल देतानाही ताठ उभा राहायचा. नारळ जड होता, काथ्याची जागा खरखरीत लागत होती. तिनं तो धरला आणि तशीच उभी राहिली.

साईराजच्या टाळ्या थांबल्या.

“आवं ताई,” लालासाहेब हळूच म्हणाले, “तुमच्यात चालतंय न्हवं? न्हाईतर ऱ्हाऊ द्या. कुणाला काय वाटाय नगं.”

“हां, हां,” सर घाईनं म्हणाले. “माझ्या लक्षातच आलं नाही बघ. तुला नको असेल तर मी समजू शकतो. कुणीही समजेल. दे इकडं.”

त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती. नारळ त्यांच्या हातात द्यायचा, एक पेढा घ्यायचा आणि जागेवर जाऊन बसायचं. कुणी तिला कधी काही विचारणार नव्हतं. साईराजनं त्या ओळीवर लिहिली तशीच एक टीप. ही जागा वाचू नका.

रहिमतपूरला अब्बांचं गॅरेज होतं. इंजिन उतरवून पुन्हा बसवलं की ट्रॅक्टरचा मालक नारळ घेऊन येई, आणि फोडायचा मान रहिमान मिस्त्रींचा, म्हणजे अब्बांचा. त्यात कुणाला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. फक्त अब्बा आधी ट्रॅक्टरखाली जुनं वर्तमानपत्र पसरत, इंजिन चालू ठेवायला सांगत आणि तिथंच उकिडवे बसून राहत. मालक चुळबुळायचा. “मिस्त्री, मुहूर्त चाललाय.” अब्बा कागदावरून नजर काढत नसत. “चालू द्या की. नारळ कुठं पळून चाललाय?” कागदावर तेलाचा एक थेंब पडला तरी ते उठत, नारळ मालकाच्या हातात परत देत आणि पाना उचलत. लहानपणी नूरीनला त्या परत जाणाऱ्या मालकांची लाज वाटायची. शाळेतून येताना ती रस्ता बदलायची.

“नूरीन?” सरांचा हात अजून पुढेच होता.

तिनं नारळ त्यांना दिला नाही. तो काखेत धरला, आपल्या टेबलापाशी गेली आणि उभ्यानंच एका हातानं कीबोर्ड ओढला. साईराजनं लिहिलेली टीप तिनं पुसली. मग सेटिंग उघडली. एक शब्द खोडला, एक लिहिला. बिल्ड सुरू झाला. गाडीवाल्यानं बाहेर एकदा हॉर्न दिला. ओळी वर सरकत गेल्या आणि मधेच, पहिल्यांदाच, थांबल्या. लाल.

साईराजच्या तोंडून “आयला” निघालं.

“हे तू...” सरांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते. “नूरीन, तुझा प्रॉब्लेम नारळाचा असेल तर तसं सांग. आपण मार्ग काढू.”

नूरीननं नारळ कानाशी नेऊन एकदा हलवला. मग तो लालासाहेबांच्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी.

“काका, हा नीट ठेवा. नारळ मीच फोडणार आहे,” ती म्हणाली, आणि सरांकडे वळली. “पण ते कुलूप दुरुस्त करून रात्रीची टेस्ट झाल्यावर, सर. आजचा बिल्ड मी थांबवलाय.”