रंगीत चौकोन आणि हरणाबाईंची शंका

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि माझी बॅटरी दुपारपर्यंतही पुरत नाही. पण कॅमेरा अजून स्वच्छ आहे, आणि त्याच्यामुळेच माझ्या आयुष्यातली ही गोष्ट घडली.

लोणंदच्या एका दुकानातून तानाजीने मला विकत घेतले आणि पलटणीत परत जाताना आपल्या बायकोच्या, मंगलच्या हाती दिले. औंधजवळच्या त्यांच्या गावात मंगलची सासू हरणाबाई घोंगड्या विणते. त्यांचा बारा बायकांचा गट आहे. मंगलने माझ्यावर घोंगड्यांचे फोटो काढले, पुण्या-सांगलीच्या गिऱ्हाइकांशी ती बोलली आणि दीडशेवर माणसांची नावे, नंबर माझ्यात जपले. "मंगल, तुजा फोन लय गुणाचा गं," असे बायका म्हणायच्या, तेव्हा मला धन्य वाटायचे.

मग गटाने ठरवले की प्रत्येक घोंगडीला एक छापील चिठ्ठी शिवायची. तिच्यावरचा क्यूआर कोडचा चौकोन मोबाइलने टिपला की हरणाबाई विणताना दिसाव्यात आणि तिथूनच मागणी नोंदवता यावी. मंगलने साताऱ्यातून साध्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा नमुना आणला. त्याच आठवड्यात राजवर्धन नावाचा एक तरुण गाडीतून आला. त्याच्याकडे वेगळाच चौकोन होता. निळे, केशरी त्रिकोण आणि मधोमध मेंढीचे चित्र. बायका हरखून गेल्या.

"मावशी, हा आमचा खास कोड," तो म्हणाला. "पाचशे चिठ्ठ्या फुकट छापून देतो."

हरणाबाईंनी लोकर विंचरणे थांबवले. "फुकट कशापायी रं बाबा? तुला आमच्यातून काय पायजे?"

"काही नको, मावशी. तुमची जाहिरात, तेवढीच आमची."

मंगलने मला आधी काळ्या-पांढऱ्या चौकोनासमोर धरले. मी क्षणात तो वाचला. रंगीत चौकोन मात्र मला वाचताच येईना. "त्याला आमचं ॲप लागतं," राजवर्धन म्हणाला. त्याने मला मंगलच्या हातातून घेतले आणि माझ्यात ॲप टाकले. ॲपने विचारले, सगळे नंबर पाहू का? फोटो पाहू का? त्याने भराभर 'हो, हो' दाबले. मित्रांनो, मला फार अस्वस्थ वाटले. पण ज्याचे बोट काचेवर असते, त्याचेच मला ऐकावे लागते.

"काय इचारत हुतं ते?" हरणाबाईंनी विचारले.

"काही नाही, नेहमीचंच."

"न्हेमीचं हाय तर वाचून का दावलं न्हाई?"

गटाने तरीही रंगीत चौकोन निवडला. हरणाबाईंनी आपल्या वीस घोंगड्यांना मात्र तो शिवू दिला नाही. "आत्या, समद्यांचं एक आन् तुमचं एक, बरं दिसंल का?" मंगल रागावली. हरणाबाईंनी आपला काळा-पांढराच लावला.

औंधच्या यात्रेत गटाने दुकान मांडले. काळा-पांढरा चौकोन कुणाच्याही मोबाइलला लगेच उमगे. रंगीत चौकोनासमोर लोक दोनदा हात हलवत आणि आधी ॲप टाकावे लागते हे कळले की पुढे जात. तरीही काहींनी ते टाकले.

पंधरा दिवसांनी सांगलीच्या शालूबाईंचा फोन आला. त्या गटाच्या जुन्या गिऱ्हाईक. आवाज चढलेला होता. "हरणाबाई, तुमचा फोटो बघून घोंगडी मागवली. ही तर यंत्रावरची हाय! अंगाला प्लास्टिकवाणी लागतीया."

मंगलचा चेहरा उतरला. तिने मला रंगीत चौकोनासमोर धरले. यात्रेपर्यंत तिथे गटाचे पान उघडत होते. आता फोटो हरणाबाईंचा होता, पण खाली माल भलत्याच कुणाचा. माझ्यातल्या दीडशे माणसांनाही त्याच पानाचा निरोप गेला होता. मंगलने राजवर्धनला फोन लावला.

"पान बदलायचा हक्क आमचाच," तो थंडपणे म्हणाला. "तुम्ही 'हो' म्हटलं होतं ना?"

"आमी कवा म्हटलं? तूच दाबलंस!"

त्याने फोन ठेवला.

मंगल सासूजवळ जाऊन बसली. "आत्या, मी चुकले." हरणाबाईंनी कात्री उचलली आणि एका घोंगडीवरची रंगीत चिठ्ठी उसवायला घेतली. मंगलने दुसरी घेतली. संध्याकाळपर्यंत बाकीच्या दहाजणीही आल्या. मंगलने ॲप काढून टाकले, पण गेलेली नावे परत कशी येणार? मग ती तीन दिवस एकेका गिऱ्हाइकाला फोन करत राहिली. काहींनी ऐकून घेतले. काहींनी तिचा आवाज ऐकताच फोन कापला.

आता तानाजीने नवा मोबाइल आणला आहे आणि मी बहुतेक फडताळात पडून असतो. चिठ्ठ्या छापून आल्या की मात्र मंगल मला बाहेर काढते. एकेक चौकोन माझ्यासमोर धरते आणि पानाचा जो पत्ता दिसेल तो मोठ्याने वाचते. चौकोन काळा-पांढरा आहे म्हणजे तो आपलाच, असेही हरणाबाई मानत नाहीत. परवा साताऱ्याच्या प्रदर्शनात एका गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे केला, तर त्यांनी आपला हात चौकोनावर ठेवला.

"आवं थांबा. आदी कागदावर कुणी दुसरा चिकटवलाय का, ते बघू द्या."

त्यांनी कडेला नख घालून पाहिले. मग हात काढला. "हां. आता टिपा. पन नाव वाचल्याबिगर फुडं जाऊ नगा."

मित्रांनो, माझ्या तडकलेल्या काचेची काळजी तुम्ही नाही घेतली तरी चालेल. फक्त 'हो' दाबण्याआधी मी काय विचारतो आहे, ते एकदा वाचा. मला बोलून सांगता येत नाही.